ठिणगीच्या अकरा आरोळ्या

४ मार्च

भाचीनं आज ही वही माझ्यासमोर आपटली. "मावशी, रोज संध्याकाळी मला ज्या शिव्या ऐकवतेस ना, त्या आता हिच्यात लिही. मी दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या ऐकते. घरी आल्यावर परत तुझ्या नकोत."

ताई गेल्यापासून भाची माझ्याकडेच असते. सव्वीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते आणि जिभेच्या बाबतीत थेट आईवर गेलीय. ठीक आहे. लिहिते.

तर पहिला मान गेमवाल्याचा. तिशीचा असेल. केस असे, की उशीवरून उठून तडक ऑफिसात आलाय. 'ठिणगी'वर मारामारीचा गेम निघतोय म्हणे, हातात धरायच्या छोट्या यंत्रावर खेळायचा. अठरा वर्षं मी या ॲनिमे मालिकेचं, म्हणजे जपानी कार्टूनचं, आपल्या भाषेतलं डबिंग करतेय. ठिणगी म्हणजे बारा वर्षांचा अनाथ पोरगा. रागावला की त्याच्या मुठी पेट घेतात. त्याचा आवाज म्हणजे मी, छप्पन्न वर्षांची बाई. लोकांना हे कळलं की आधी हसतात आणि मग म्हणतात, एक आरोळी मारून दाखवा ना.

गेमवाला म्हणाला, "मॅडम, मी लहानपणापासून तुमचा फॅन आहे." म्हणजे मी म्हातारी. पोचलं.

संवाद दोनशे चौदा, आरोळ्या वेगळ्या. मालिकेचे नवे भाग जूनमध्ये येणार, त्याच आठवड्यात गेम दुकानात हवा. मी विचारलं, "तीन महिन्यांत होतो का असा गेम?" तर हसला. ज्या माणसाला प्रश्नाचं उत्तर हसून द्यावं लागतं, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. पण दोनशे चौदा संवाद! ते मात्र घरी येताना बसमध्ये तीनदा वाचले.

९ मार्च

रेकॉर्डिंगचा पहिला दिवस आणि डोक्याचा पार भुगा.

बूथमध्ये नवा फोम लावलाय, त्याला वास मारतो. एसी डोक्यावर. आणि काचेपलीकडे कानसेन. ध्वनिमुद्रक आहेत ते, पण आम्ही सगळे कानसेनच म्हणतो, कारण कागद उलटल्याचा आवाज ऐकून पान कितवं ते सांगतील असा माणूस. अठरा वर्षं माझा आवाज तेच रेकॉर्ड करताहेत. आज मात्र त्यांना काय झालं होतं कोण जाणे.

आरोळ्यांपासून सुरुवात. हलका मार, जोरदार मार, मार खाणं, पडणं, उठणं, जिंकणं, मरणं. मी 'जोरदार मार' दिला. कानसेन म्हणाले, "बाई, पाणी घ्या."

घेतलं. परत दिला.

"अजून एकदा. वरचा सूर जरा... असू दे. अजून एकदा."

बारा वेळा! एका आरोळीचे बारा टेक माझे उभ्या जन्मात झाले नव्हते. मधेच उठून माईक बदलला. मग मला लांब उभं केलं, मग जवळ. मग वायर बघितली. मी म्हटलं, "अहो, वायर धडधाकट आहे. तुमचे कान तपासून घ्या." रागावले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. चार तासांनी म्हणाले, "आज एवढंच. छान झालं."

छान! अठरा वर्षांत हा माणूस 'ठीक' याच्यापलीकडे गेला नाही. 'ठीक' म्हणाले की आम्ही पेढे वाटल्यासारखे खूश व्हायचो. आज 'छान'. म्हणजे टोमणाच की.

१० मार्च

आजचे पाहुणे: ग्रहण. ग्रहण हा मालिकेतला खलनायक, आणि त्याचा आवाज देणारा हा माझा माजी नवरा. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली. मालिकेत आम्ही दर भागात एकमेकांच्या जिवावर उठतो, पण रेकॉर्डिंग वेगवेगळ्या वेळी. तेवढी व्यवस्था कानसेन न सांगता सांभाळतात. आजच कशी चुकली देव जाणे.

मी बूथमधून बाहेर आले तर हा व्हरांड्यात उभा, हातात संहिता.

"किती दिवसांपासून असं होतंय?" नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कसं?"

"घसा."

"एसी आहे. फोम आहे. आणि समोर तू आहेस. घसा बसेल नाहीतर काय."

"डॉक्टरला दाखव."

"माझ्या घशाची काळजी करायला तुला अकरा वर्षं उशीर झालाय," मी म्हटलं आणि पाणी प्यायला गेले. परत आले तर हा कानसेनांच्या शेजारी बसलेला, दोघांच्या कानांवर हेडफोन. काचेतून दिसत होतं. दोघंही बोलत नव्हते. माझंच काहीतरी ऐकत होते, कारण मला पाहताच कानसेनांनी बटण दाबलं.

दोन पुरुष एका बाईच्या कामावर पंचाईत करायला बसले की चेहरे असेच गंभीर करतात.

उरलेल्या संवादांसाठी तिसरा दिवस ठरला होता. कानसेन म्हणाले, "कळवतो."

१४ मार्च

गॅसवाल्याचा फोन. "साहेब, सिलिंडर उद्या येईल." मी म्हटलं, बाई आहे मी. "सॉरी साहेब." लोकांना फोनवर नीट ऐकण्याचीसुद्धा शिस्त राहिली नाही.

२३ मार्च

कानसेनांचा निरोप आला: तिसऱ्या दिवसाची गरज नाही, झालंय ते पुरे. दोनशे चौदापैकी मी एकसष्ट संवाद बोललेय. एकसष्ट कसे पुरतील? फोन केला, उचलला नाही. गेमवाल्याला केला. तो म्हणाला, "मॅडम, तांत्रिक बदल आहेत." हा शब्द माणसं दार लावून घ्यायला वापरतात.

२ जून

गेम आला. भाचीनं दुकानातून येताना तिचं यंत्र आणि गेम दोन्ही आणलं. मी रुसून बसणार होते, पण पाच मिनिटांत तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले.

डब्यावर लिहिलंय: अठ्ठावीस योद्धे. भाचीनं मोजले. नऊ. बाकीचे तेच नऊ, कपड्यांचे रंग बदलून. ठिणगीची धाकटी बहीण आणि बंदराचा पहारेकरी एकसारखीच लाथ मारतात, गुडघासुद्धा त्याच कोनात. कथा आहे म्हणे, पण ती म्हणजे मालिकेतली स्थिर चित्रं आणि खाली मुंगीएवढी अक्षरं. त्या तळहाताएवढ्या पडद्यावर ती वाचायची तर भाचीच्या दुकानात जाऊन भिंग आणावं लागेल. एका लढाईनंतर दुसरी सुरू व्हायला इतका वेळ लागतो, की भाची मधे जाऊन कुकर लावून आली.

"आणि हे बघ," ती म्हणाली. ठिणगीला कोपऱ्यात उकिडवा बसवला आणि एकच बटण दाबत राहिली. टक टक टक. पायावर लाथ, पायावर लाथ. समोरचा येतो, पडतो, उठतो, परत त्याच लाथेवर येतो. अशा सहा लढाया तिनं एका हातानं जिंकल्या, दुसऱ्या हातात पोळी. ठिणगीचं अग्निचक्र, ज्याची लोक आठवडा आठवडा वाट बघायचे, ते दहातून दोनदा निघतं. बटण दाबल्यावर पोरगा आधी विचार करतो आणि मग हात उचलतो.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. संवाद कुठे आहेत? एकही नाही. कुणाचाच नाही, ग्रहणाचासुद्धा. नुसत्या आरोळ्या.

मी डोळे मिटून ऐकल्या. माझ्याच. पण मार्चमधल्या नाहीत! जुन्या आहेत, मालिकेतून उचललेल्या. अकरा. मोजून अकरा आरोळ्या, आणि त्याच फिरून फिरून. एकीत तर मागे खुर्ची करकरलीय.

म्हणजे माझ्या दोन दिवसांच्या मेहनतीचा कचरा केला. आणि केला कुणी? रेकॉर्डिंग ज्याच्या ताब्यात असतं त्यानं. तळपायाची आग मस्तकात गेली. भाची गप्प होती. एरवी माझ्या आधी ती शिव्या घालते.

"काय गं?"

"काही नाही. मावशी, तू सुंठ वगैरे घेतेस का काही घशाला?"

हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

३ जून

गेमच्या दुकानात कार्यक्रम होता. ठिणगीसारखे लाल पट्टे बांधून पोरं-पोरी, त्यांच्यात मिशीवालेही. गेमवाल्यानं मला बोलावलं नव्हतं. मी गेले. मला पाहून त्याचा चेहरा पडला.

कुणीतरी ओळखलं आणि ओरडा सुरू झाला: "आरोळी! आरोळी!" गेमवाला म्हणाला, "नको, मॅडम थकल्या आहेत." मी त्याच्या हातातला माईक काढून घेतला. पोटातून श्वास घेतला आणि दिली.

माईक खराब होता. आवाज मधेच फाटला, दोन तुकडे झाले, आणि वरचा तुकडा आलाच नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "भारी! बाई विनोदी करून दाखवताहेत." पुढे एक मुलगी उभी होती, आईचा हात धरून. ती आईला मोठ्यानं म्हणाली, "पण खरी ठिणगी कधी येणार?"

माझ्यानंतर गेमवाला त्याच माईकवर वीस मिनिटं बोलला. तेव्हा बरा चालत होता मेला.

६ जून

लोकांनी गेमला धू धू धुतलंय. अग्निचक्रावर हसतात, नऊ योद्ध्यांवर हसतात, आणि सर्वांत जास्त आरोळ्यांवर. कुणीतरी एका लढाईची फीत टाकलीय, कोपऱ्यात आकडा वाढत जातो: तीच आरोळी एका मिनिटात सत्तावीस वेळा. खाली लिहिलंय, 'पोट दाबलं की ओरडणारी बाहुली.' हजारो लोकांनी पाहिलंय. बाहुली म्हणजे मी.

तीन दिवस कुणाशी बोलले नाही. घसाही बोलू देत नव्हता.

९ जून

एका वार्ताहराचा फोन आला. गेम इतका वाईट का झाला, असं विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं. गेमवाल्याला तीन महिन्यांत किल्ला बांधायचा होता, हे सांगितलं. आणि कानसेनांचं नाव घेऊन सांगितलं, की त्यांचे कान गेलेत, नवं रेकॉर्डिंग त्यांना सांभाळता आलं नाही म्हणून जुनं पुराणं चिकटवून दिलं, आणि अशा माणसानं आता घरी बसावं.

फोन ठेवल्यावर इतकं हलकं वाटलं, की दोन कप चहा प्याले.

१२ जून

छापून आलं. मथळाच: 'ध्वनिमुद्रकाचे कान गेले, ठिणगीचा आवाज मेला.' दुसरा अर्धा भाग मी बोलले नव्हते.

दुपारी गेमवाला फोनवर किंचाळला. गेम पडल्याचं खापर फोडायला कंपनीत वरच्यांना कुणीतरी हवंच होतं, ते मी आयतं दिलं. कानसेनांना काढलं. स्टुडिओतून, मालिकेतून, सगळ्यातून.

"मी तर गेमला शिव्या दिल्या होत्या, तुम्हालाही दिल्या. तुम्ही बरे राहिलात," मी म्हटलं.

"मॅडम, त्या माणसानं तुमच्यासाठी..." आणि थांबला. "जाऊ दे. मी शब्द दिलाय." फोन बंद.

शब्द म्हणे. ह्यांच्या गेममध्ये एक शब्द नाही.

१५ जून

आज ग्रहण घरी आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. भाचीनं दार उघडलं, त्याला 'काका' म्हणाली, आणि पाणी ठेवून आपल्या खोलीत गेली. हिनंच बोलावलं असणार, घरभेदी.

तो बसला नाही. "तू काय केलंयस ते तुला माहीत आहे का?"

"खरं बोलले."

"खरं ऐक मग." खिशातून हेडफोन काढले, फोनला लावले आणि माझ्यासमोर धरले. "नऊ मार्च. जोरदार मार. बारावा टेक."

मी घेतले नाहीत. त्यानं टेबलावर ठेवले आणि उभ्याउभ्या बोलत राहिला, त्याच्या त्या खर्जात, ज्याच्यावर मी एके काळी भाळले होते आणि जो आज मला खिळे ठोकल्यासारखा वाटत होता.

"तुझं एकही वाक्य वापरता येत नव्हतं. एकही. गेमवाल्यानं पहिल्याच दिवशी दारातून ऐकलं होतं, त्याला दुसऱ्या दिवशी नवी मुलगी आणायची होती. ठिणगी म्हणून. कायमची. कानसेन म्हणाले, गेममध्ये बाईंचाच आवाज राहील, मला वेळ द्या. घरी टेपा नेल्या. अठरा वर्षांचे सगळे भाग ऐकले, एकूण एक. मागे संगीत नाही, दुसऱ्याचा आवाज नाही, अशा तुझ्या आरोळ्या त्यांना किती मिळाल्या माहितीये? अकरा."

"आणि संवाद?"

"संवाद जोडून होत नाहीत. मग मी म्हटलं, ती बोलणार नसेल तर मीही बोलत नाही. नायक मुका आणि खलनायक बोलतोय, हे पहिल्या दिवशी लोकांच्या लक्षात आलं असतं. म्हणून सगळ्यांचेच काढले."

"म्हणजे गेम तुम्ही बिघडवलात."

"गेम वाईटच होता," तो म्हणाला. "आम्ही मुका केला."

"मला का नाही सांगितलं?"

"मार्चमध्ये सांगितलं होतं. डॉक्टरला दाखव म्हणून. तू काय म्हणालीस आठवतं?"

मग मी हेडफोन घातले. नसते घातले तर बरं झालं असतं. आत एक बाई होती. खालून वर चढायचा प्रयत्न करत होती आणि मधल्या पायरीवर प्रत्येक वेळी पाय घसरत होता. पडल्यावर ती खोकली, आणि हसून म्हणाली, "अहो, वायर धडधाकट आहे. तुमचे कान तपासून घ्या."

मी हेडफोन काढले. म्हटलं, "तुम्ही छेडछाड केलीय यात. चल, नीघ."

तो निघाला. दारात वळून काही बोलणार होता. मी दार लावलं.

१६ जून

सकाळी भाचीच्या फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. जोरदार मार, एकदाच. ऐकलं. छेडछाड नव्हती.

भाचीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"डिसेंबरपासून. मावशी, मला ऐकू येतं ना. दोनदा बोलले तुला. एकदा तू ताट आपटलंस."

ताट आपटल्याचं आठवतं. कशावरून ते आठवत नव्हतं.

१८ जून

घशाच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि बोलायला फार गोड. मला गोड बोलणाऱ्यांची भीती वाटते. नाकातून नळी घातली, पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. एकावर गाठ आहे, हरभऱ्याच्या डाळीएवढी. वाईट दिसत नाही, पण काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. अठरा वर्षं ओरडून ओरडून धरलेली असणार, आणि वर सहा महिने मी तिच्यावर बोलत राहिले.

"आवाज परत येईल ना?"

"आवाज येईल," त्या म्हणाल्या. "परत येईल असं म्हणत नाही मी."

"बारा वर्षांच्या पोराचा?"

त्यांनी मान हलवली. आडवी.

२० जून

कानसेनांच्या घरी गेले. अठरा वर्षांत त्यांचं घर पाहिलं नव्हतं. तिसरा मजला, जिन्याला उजेड नाही. दार त्यांनीच उघडलं. आतल्या टेबलावर टेपांच्या पेट्या दिसत होत्या, प्रत्येकीवर त्यांच्या बारीक अक्षरात भागांचे आकडे.

"आत येऊ का?"

"नको."

मी वाक्य पाठ करून गेले होते. चुकलं माझं, मला माहीत नव्हतं. तोंडातून निघालं ते असं: "तुम्ही मला तेव्हाच तोंडावर का नाही सांगितलंत? माझं वाटोळं झालं असतं ते माझं झालं असतं. तुमचं कशाला करून घेतलंत?"

त्यांनी मागचं दार थोडं ओढून घेतलं. मग म्हणाले, "बाई, अठरा वर्षांत तुमचा वाईट टेक मी कुणाला ऐकवला नाही. एकदा तुमच्या यजमानांना ऐकवला, तोही नाइलाजानं. आणि तुम्ही माझे कान गेले म्हणून पेपरात छापलंत. माझी सून वाचून दाखवत होती. नातवंडं बसली होती समोर."

"मी परत छापून आणते. चूक माझी म्हणून."

"आणा. ते तुमचं काम आहे. माझ्याकडे येऊ नका."

दार आपटलं नाही. आवाज न होता लावलं, बिजागरी धरून, बूथचं दार लावायचे तसं.

मी जिन्यात उभी राहून चिडले. माफी मागायला आलेल्या माणसाला उभ्याउभ्या घालवणं ही कुठली रीत? तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत चिडचिड टिकली. रस्त्यावर टिकली नाही.

२२ जून

वार्ताहराला लेखी पाठवलं. घसा माझा गेला होता, कान कुणाचे गेले नव्हते, मी अज्ञानात आणि रागात बोलले. दोन पानं लिहिली. त्यानं विचारलं, "पण गेम वाईट आहे यावर तुम्ही ठाम आहात ना?" मी म्हटलं, त्यावर मी मरेपर्यंत ठाम आहे.

छापल्या चार ओळी, आतल्या पानावर, घड्याळाच्या जाहिरातीखाली.

२५ जून

उद्या सकाळी शस्त्रक्रिया. त्यानंतर दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. भाची म्हणाली, "घराला विश्रांती." मग रडली, वेडी.

२९ जून

गाठ साधी निघाली. मौन पाळतेय. भाजीवाल्याशी हातवारे करून भांडले, जिंकले.

करायला काही नाही म्हणून गेम खेळते. भाची कामावर गेली की यंत्र माझं. वाईट आहे, वाईटच आहे. काल ग्रहणाला हरवायला दीड तास लागला, कारण तो भिंतीत अर्धा अडकला आणि तिथून मारत बसला. हे त्याच्या स्वभावाला धरून आहे, पण गेमवाल्याला ते माहीत नसावं.

मी तोंड मिटून बसते आणि हातातून माझा आवाज येतो. तिसरी आरोळी तिसऱ्या वर्षातली आहे. तेव्हा मला ताप होता आणि सूर आपोआप वर लागत होता. पडतानाची जी आहे, ती आई गेल्यानंतरच्या आठवड्यातली. मागे खुर्ची करकरलीय ती ग्रहणाची. तेव्हा आम्ही अजून एकत्र रेकॉर्डिंग करायचो, आणि हा माणूस पाच मिनिटं शांत बसू शकत नव्हता. कानसेनांना ती करकर नक्की ऐकू आली होती. तरी ठेवली. त्या जातीची दुसरी स्वच्छ आरोळी मिळाली नसेल.

२ जुलै

नवी ठिणगी ठरली. तेवीस वर्षांची आहे. भाचीनं तिचा नमुना ऐकवला. चांगली आहे. मला ती अजिबात आवडत नाही.

ग्रहणाचा निरोप: 'कानसेनांना परत घेतलं नाही. मी विचारलं होतं. आता मीही सोडतोय.' मी उत्तर लिहिलं, 'उपकार नकोत.' पुसलं. 'मूर्ख आहेस' लिहिलं. तेच पाठवलं. त्यानं उत्तरात वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

८ जुलै

काल डॉक्टरीणबाईंनी 'आ' करायला लावलं. आला. जाड, सपाट, थोडा खरखरीत. कुठल्याही छप्पन्न वर्षांच्या बाईचा असेल तसा. मी मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून. रोज पाच मिनिटं बोलायची परवानगी आहे, घड्याळ लावून. कालची पाच भाचीवर खर्च झाली.

आज सकाळी चहा झाल्यावर घड्याळ लावलं आणि कानसेनांना फोन केला.

"हॅलो, कोण?"

"मी बोलतेय."

"कोण मी?"

माझ्या नुसत्या श्वासावरून आज जेवण झालंय की नाही ते सांगणारा माणूस. त्याला मी कळले नाही. चुकीचा नंबर म्हणून ठेवून द्यावा असं वाटलं. बोट बटणापर्यंत गेलंही.

"ठिणगीची बाई," मी म्हटलं.

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, ते आवाज एकदम बंद झाले. त्यांनी दार लावून घेतलं असावं.

"मी माफ केलेलं नाही," ते म्हणाले.

"बरं."

"काहीतरी बोला अजून."

"काय बोलू?"

"काहीही. वाचा. ऐकू दे."

टेबलावर भाचीच्या दुकानाचं पत्रक पडलं होतं. चष्म्याची निगा कशी राखावी. दुसरं काही हाताशी नव्हतं, तेच वाचायला लागले. काच कोमट पाण्याखाली धरावी. फडकं मऊ असावं. चष्मा काचांवर पालथा ठेवू नये. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. तिसऱ्या ओळीला त्यांनी थांबवलं.

"शब्दांचे शेवट गिळताय."

"गिळत नाहीय."

"गिळताय. 'ठेवू नये' परत म्हणा."

म्हटलं.

"परत."

घड्याळ वाजलं तेव्हा पत्रकाच्या चार ओळी राहिल्या होत्या. मी म्हटलं, वेळ संपली माझी.

"ठीक," ते म्हणाले. "उद्या याच वेळी." आणि फोन ठेवला.

शेवट मी गिळत नव्हते.